उंबऱ्याबाहेरचं नाक

११ सप्टेंबर

वही लेकीने दिली. हॉस्टेलला परत जाताना हातात ठेवली आणि म्हणाली, "आई, घरात ऑफिसचं बोलायचं नाही म्हणून तू भांडी घासताना स्वतःशी पुटपुटत असतेस. त्यापेक्षा लिही." मी म्हटलं, मी कुठे पुटपुटते? तर माझी नक्कल करून दाखवली. हुबेहूब.

नियम खरं तर तिच्यामुळेच झाला. ती पहिलीत होती. नवरा आणि मी एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, आणि जेवायला बसलो की ऑफिसचाच विषय. आवाज चढायचे. एकदा तिने शाळेत बाईंना सांगितलं की आमच्या घरी ऑक्सिजनवरून भांडणं होतात. बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं, आणि घरी एखादं आजारी माणूस आहे का, असं हळुवार आवाजात विचारलं. त्याच संध्याकाळी मी ठरवून टाकलं, ऑफिस चपलांबरोबर बाहेर ठेवायचं. जिन्यात रॅकपाशी काय बोलायचं ते बोला, उंबरा ओलांडला की बंद. कोणी चुकला की बाकीच्यांनी ओरडायचं, "उंबरा!" लेक तर हे ओरडायला मिळावं म्हणून टपूनच बसायची.

आता ती घरात नसते, नियम मात्र आहे. वहीला तो लागू नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

१४ सप्टेंबर

आज थोडं नीट लिहिते, नाहीतर काही वर्षांनी माझं मलाच कळायचं नाही.

आम्ही जे यान करतोय त्यात माणूस बसणार नाही. पण ते हवेतून इतक्या वेगाने जाणार आहे की त्याच्या पुढच्या टोकाशी हवाच भट्टी होते, पोलाद तिथे टिकणार नाही. त्या टोकाला आम्ही नाक म्हणतो. नाकासाठी दोन उमेदवार आहेत. एक नवऱ्याचं कार्बन, दुसरं माझं सिरॅमिक. त्यामुळे इमारतीत तो कोळसेवाला आणि मी कुंभारीण. मोठे साहेब नोव्हेंबरात दोघांतलं एक निवडणार. दुसऱ्याचं काम बंद.

माझं नाक त्याच्यापेक्षा जड भरतं. पहिल्यांदा नमुन्याच्या तुकड्यांचं वजन केलं तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड!" तेव्हापासून माझ्या तुकड्यांना सगळे मोतीच म्हणतात. मला राग यायला हवा होता, पण नाव गोड आहे.

जिंकायचंय मला. हे इथे लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं माझी ओळख करून देताना लोक "कोळसेवाल्यांच्या मिसेस" म्हणत आले आहेत.

२२ सप्टेंबर

आज टनेलचा दिवस. टनेल म्हणजे एक मोठी नळी, तिच्यात विजेने तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. समोर माझा बिस्किटाएवढा तुकडा धरायचा आणि काळ्या काचेतून बघत बसायचं. आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा, मग डोळ्यांना बघवत नाही.

मागच्या वर्षी अशाच चाचणीत माझा पहिला तुकडा फटाक्यासारखा फुटला होता. कापताना वापरलेलं तेल आणि ओल आत छिद्रांत राहून गेली होती, तिची वाफ झाली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तशी मी तेव्हापासून प्रत्येक तुकडा टनेलमध्ये जाण्याआधी आमच्या छोट्या उघड्या भट्टीत ठेवून देते, चांगला पिवळा होईपर्यंत. तेलाचं नाव उरत नाही. कार्यपद्धतीत मी त्याला एका शब्दात लिहिलंय, "वाळवणे". भट्टीवाले काका म्हणतात, "मॅडम, वाळवण घातलं."

आजचा तुकडा झोतातून बाहेर आला तो जसाच्या तसा. कडासुद्धा शाबूत! टनेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी नवरा माझ्या टेबलाशी आला. ट्रेमध्ये पुढच्या चाचणीचा तुकडा होता, वाळवून आणलेला, अजून टनेल न पाहिलेला. तो त्याने उचलला, खिडकीशी नेला, तिरका करून बघत राहिला.

"चमकतोय हा," म्हणाला.

"मोतीच तो. तुझा का जळफळाट?"

तो हसला नाही. एरवी माझ्या विनोदांना तो उगीचच हसतो. तुकडा ट्रेमध्ये ठेवून गेला. हरायला लागलं की माणसाची विनोदबुद्धी आधी जाते म्हणतात.

५ ऑक्टोबर

संध्याकाळी मी कपडे घड्या घालत होते, तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. तिथूनच म्हणाला, "अगं, तुझे ते तुकडे वाळवताना—"

"उंबरा!" मी जोरात ओरडले. लेकीची आठवण आली आणि स्वतःचंच हसू आलं.

तो खांद्यावर नॅपकिन टाकून दारात येऊन उभा राहिला. "बरं, उंबरा," म्हणाला आणि परत कांद्याकडे गेला.

९ ऑक्टोबर

याला या वयात फिरायला जायचं खूळ लागलंय. गेली वीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय की पोट सुटतंय, चाल जरा, तर हलला नाही. आता रोज जेवण झालं की, "चल ना, बाहेर एक चक्कर मारून येऊ." माझे पाय दिवसभर टनेलपाशी उभं राहून भरून आलेले असतात. आज म्हटलं, "तू जा, मला कशाला ओढतोस?"

"एकट्याने कसलं फिरायचं," म्हणाला, आणि बूट घातलेले होते ते काढून ठेवले.

१७ ऑक्टोबर

आणखी तीन तुकडे, तिन्ही उत्तम. काकांच्या हातून एक वाळवलेला तुकडा फरशीवर पडला आणि दोन भाग झाले. बिचारे रडवेले झाले होते. मी म्हटलं जाऊ दे, भंगारात टाका, दुसरा आहे.

आज कार्बनचे तुकडेही टनेलमध्ये गेले. वरचा लेप एका बाजूने उडाला. लेप सुधारायला त्याला अजून वेळ हवा आहे, पण मोठे साहेब म्हणजे पी हळद अन् हो गोरी. त्यांना उद्याचं आजच हवं असतं.

नवऱ्याला वाईट वाटलं असणार. मी घरी त्याच्या आवडीचं केलं. त्याबद्दल बोलता तर येत नाही, म्हणून वाढताना थोडं जास्त वाढलं.

६ नोव्हेंबर

जिंकले.

७ नोव्हेंबर

काल एवढंच लिहून झोपले. आता सविस्तर.

बैठकीत आधी तो बोलला, मग मी. माझे आलेख पडद्यावर आले तेव्हा खोलीत चुळबूळसुद्धा नव्हती. मोठे साहेब म्हणाले, "कोळसेवाले, तुम्हाला काही विचारायचंय?" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नवरा बायकोला सगळ्यांदेखत काय विचारतो, ही मजा कोणाला नको असते!

तो उभा राहिला. "एकच. तुकडे वाळवता म्हणजे नक्की काय करता?"

"ओल आणि तेल काढतो," मी म्हटलं.

"यानावरचं मोठं नाकही तसंच वाळवणार?"

"अर्थात. वाळवल्याशिवाय कसं चालेल?"

मागून कोणीतरी म्हणालं, "कोळशाला काय, वाळवणाची काळजी असणारच!" हशा पिकला. तोही थोडा हसला, माझ्याकडे बघितलं आणि बसला. मला वाटलं, सभ्य माणूस आहे, हरताना एक सोपा प्रश्न विचारून मला सावरून गेला.

नंतर साहेबांनी निर्णय सांगितला. सगळे माझ्याभोवती जमले. तो गर्दीतून वाट काढत आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन, मॅडम." हात गार होता.

घरी आल्यावर मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं, आनंदाने आणि बाकीही कशाकशाने. पण बोलणार काय? माझा आनंद ऑफिसचा, त्याचं दुःख ऑफिसचं. दोन्ही चपलांपाशी. आम्ही टीव्ही बघितला.

२ डिसेंबर

कार्बन विभाग रिकामा करताहेत. त्याची मोठी भट्टी दारातून निघणारच नव्हती म्हणे, कापूनच न्यावी लागली. कटरचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. मी जाऊन बघितलं नाही. जायला हवं होतं की नको, कळलं नाही.

१० डिसेंबर

आज जिन्यात चपला काढताना बघते तर रॅकवर मोत्याचा अर्धा तुकडा! काकांच्या हातून पडला होता त्यातलाच, वर माझ्याच अक्षरातला क्रमांक. नवऱ्याने भंगारातून उचलून आणलेला दिसतो. तुटलेली बाजू वर करून, बरोबर दिव्याखाली ठेवलाय.

मला आधी हसू आलं आणि मग राग. माझा फुटका तुकडा माझ्याच दारात मांडायचा? दीड वर्ष राबून मी जिंकले, ते याला इतकं लागलंय का? तुकडा फडक्याने पुसला, उलटा करून कोपऱ्यात सरकवला आणि त्यावर किल्ल्यांची वाटी ठेवली.

तो आला तेव्हा मी दाराच्या आतच होते. रॅकपाशी थोडा वेळ थांबल्याचं ऐकू आलं. मग आत आला. "जेवायला काय आहे?" विचारलं.

१९ डिसेंबर

बदली मागून घेतली त्याने. मला साहेबांकडून कळलं. दुसऱ्या शहरातल्या आमच्याच शाखेत कार्बनचं छोटं काम चालतं, तिथे. साहेब म्हणाले, "तुम्हाला माहीत असेलच." मी "हो हो" म्हटलं.

संध्याकाळी जिन्यात त्याला गाठलं. "मला आधी सांगायचं नाहीस?"

"ऑफिसचं होतं."

"बदली ऑफिसची? तू राहणार कुठे, खाणार काय, ते ऑफिसचं?"

"मला सीमारेषा नीट कळत नाही आता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

वड्याचं तेल वांग्यावर काढतोय, दुसरं काय. होईल थोड्या दिवसांत शांत.

८ जानेवारी

गेला. दोन बॅगा आणि उबदार पांघरूण. लेक सुटी काढून आली होती, तिने बॅगा खाली नेल्या.

बूट घालताना तो जरा जास्तच वेळ वाकून बसला होता. मग वर न बघता म्हणाला, "मोठं नाक तुझ्या छोट्या भट्टीत मावणार नाही ना?"

"नाही. ते मोठ्या व्हॅक्यूम भट्टीत वाळवणार."

"तिथे हवा नसते."

"म्हणून तर ओल पार निघून जाते. जास्त चांगलं."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. लेकीने हाक मारली, "बाबा!" "तू विचार कर त्याचा," म्हणाला. मग माझ्या केसांवरून हात फिरवला. हे त्याने कितीतरी दिवसांनी केलं.

जातानाही नाक खुपसलंच. पण हात फिरवला तेव्हा माझे डोळे भरले. मी थांब म्हटलं नाही.

१ फेब्रुवारी

कामाच्या नाकी नऊ आले आहेत, की कामाने माझ्या? काहीही असो. मोठं नाक साच्यातून बाहेर आलं. इतकं सुंदर काही मी आजवर केलं नाही. लेक सोडून.

रविवारी फोन होतो. त्याचं जेवण, माझी पाठ, लेकीची परीक्षा. मग दोघंही "बरं मग" म्हणतो.

२६ फेब्रुवारी

नाक वाळवून आलं. व्हॅक्यूम भट्टीवाल्यांनी अगदी जपून काम केलं. मी हात फिरवून बघितला. करडं, मऊसूत, कसलीही चकाकी नाही. काका म्हणाले, "मॅडम, हे फिकं दिसतंय का जरा?" मी म्हटलं, "मोठी वस्तू आहे काका, प्रकाश वेगळा पडतो."

१५ मार्च

नाक यानावर बसलं. साहेबांनी पेढे नाहीत पण चॉकलेटं वाटली. कुणीतरी म्हणालं, "आता मोती नाकात शोभतोय!" मी सगळ्यांबरोबर हसले आणि मग प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं. हा विनोद ज्याचा, तो इथे नव्हता.

३ एप्रिल

परवा उड्डाण. रविवार नव्हता तरी त्याला फोन केला. म्हटलं, "भीती वाटतेय रे." तो म्हणाला, "तुझ्याजवळ कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाला, "झोप नीट." मला आणखी काहीतरी हवं होतं. काय, ते मला सांगता आलं नसतं.

६ एप्रिल

लिहवत नाही.

८ एप्रिल

यान गेलं.

वर नेणाऱ्या रॉकेटने आपलं काम केलं, यान सुटलं, वेग घेतला. पडद्यावर नाकाच्या तापमानाची रेषा जशी चढायला हवी तशी चढत होती. मी टेबलाची कड धरली होती. मग रेषा उडी मारल्यासारखी वर गेली आणि सरळ झाली. सरळ रेषा म्हणजे तिथे मोजायला काही उरलं नाही. पाठोपाठ बाकीच्या रेषा. यान समुद्रात कुठेतरी पडलं असेल, तुकडे तुकडे.

कोणी ओरडलं नाही. यानाची दिशा सांभाळणारा पोरगेलासा इंजिनिअर खुर्चीत बसून राहिला, त्याचे ओठ हलत होते. किती जणांची किती वर्षं. साहेब माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, घरी जा." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सगळ्यांना माहीत आहे की नाक गेलं. नाक कापलं जाणं आजवर नुसतं बोलण्यात होतं.

त्याचा फोन आला होता, दोनदा. मी उचलला नाही.

१५ एप्रिल

चौकशी समिती बसली. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. छोट्या तुकड्यांत आणि मोठ्या नाकात फरक काय? मी म्हणत राहिले, काहीही नाही. तीच भुकटी, तोच दाब, भट्टी मोठी पण तेच वाळवणं. माझा आवाज मलाच एखाद्या वकिलासारखा वाटायला लागला.

लेक म्हणाली, येऊ का? मी नको म्हटलं. ती म्हणाली, "बाबांना फोन कर मग." मी म्हटलं, काय बोलू? ती चिडली. "आई, नवरा आहे तो तुझा, समिती नाही!"

१८ एप्रिल

कळलं.

आज समितीची सुटी होती. सकाळी भाजी आणायला निघाले. किल्ल्या घेताना वाटी हलली आणि खालचा तुकडा घरंगळला. उचलला. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. तुटलेली बाजू समोर आली.

आत करडा, आणि कडेने, अगदी बाहेरच्या काठाने, सगळीकडून चकचकीत काचेची एक पातळ साय. मी नखाने खरवडून बघितली, निघेना.

हा तुकडा टनेलमध्ये कधी गेलाच नाही. वाळवला आणि पडून फुटला. मग ही काच कुठून आली?

मी तिथेच पायरीवर बसले. भट्टी उघडी. आत हवा. तुकडा पिवळा होईपर्यंत तापायचा. मी ओल काढत होते आणि हवा त्याच वेळी माझ्या नकळत त्याला एक कातडी चढवत होती. टनेलमध्ये टिकत होती ती ही कातडी. मोठं नाक बिनहवेच्या भट्टीत गेलं. ते वाळलं, नुसतं वाळलं. करडं, मऊसूत, कसलीही चकाकी नाही. उड्डाणात ते इतक्या पटकन तापलं की कातडी धरायला वेळच मिळाला नाही.

दोन वेगळी कामं आणि मी दोघांना एकच नाव दिलं, वाळवणे. नाव एक म्हणून मला कामही एक वाटलं. पहिल्या वर्षाच्या पोराला मी या चुकीसाठी वर्गाबाहेर काढलं असतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. खिडकीशी तिरका धरलेला तुकडा. कांदा चिरताना अर्धवट राहिलेलं वाक्य. या वयात फिरायचं खूळ. बैठकीतला तो सोपा प्रश्न. बरोबर दिव्याखाली, तुटलेली बाजू वर करून. तिथे हवा नसते.

तो मला सांगत होता. चार महिने, जिथे सांगायची परवानगी होती तिथे तिथे उभा राहून सांगत होता. मी त्यावर किल्ल्यांची वाटी ठेवली.

१९ एप्रिल

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं, तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग लावून बघितलं. म्हणाले, "नाक पुन्हा करता येईल?" मी म्हटलं, येईल, पण मोठी उघडी भट्टी बांधावी लागेल, त्याला दोन वर्षं. ते म्हणाले, "तोपर्यंत कार्बन?" कार्बनची भट्टी कापून नेली, ते दोघांनाही आठवलं. बैल गेला आणि झोपा केला, हे माझी आई माझ्या प्रत्येक परीक्षेआधी म्हणायची. तेव्हा मी चिडायचे.

समितीला मी स्वतः लिहून दिलं, नवऱ्याने बैठकीत विचारलं होतं हेही लिहिलं. खोलीत आता हशा नव्हता.

२० एप्रिल

आज त्याला फोन केला. घरी, दिवाणखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून.

"हॅलो," तो म्हणाला, आणि लगेच, "घरातून बोलतेस?"

"हो."

"जेवलीस?"

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "वाळवताना काच धरते, हे तुला माहीत होतं."

मग तो म्हणाला, "उंबरा."

टोमणा नव्हता. थकलेला माणूस सवयीने बोलतो तसा बोलला. पण मला तो शब्द फार लागला. मी उठले, दार उघडलं, बाहेर जाऊन चपलांच्या रॅकशेजारी खाली फरशीवर बसले. चपला घातल्या. का घातल्या, माहीत नाही.

"मी बाहेर आहे," म्हटलं. "आता सांग."

मग त्याने सांगितलं. खात्री नव्हती त्याला, नुसती शंका होती. फुटका तुकडा मिळाल्यावर बरीचशी खात्री झाली. पण तोवर निवड होऊन गेली होती.

"मग ओरडायचं होतंस. साहेबांकडे जायचं होतंस. मला धरून हलवायचं होतंस."

"हरलेल्याने काढलेली खोट. तू काय म्हणाली असतीस?"

खोटं कसं बोलू? "जळतोस म्हणाले असते."

"म्हणाली होतीसच की." तो म्हणाला. "आणि खरं सांगू का? जळतही होतो. माझं सगळं काम कटरने कापून नेलं गं. त्यामुळे मला तुझ्यात खोट दिसतेय, की मला ती दिसायला हवी आहे, हेच मला कळेना. म्हणून हळू बोलायचो. तुला ऐकू आलं तर आलं. नाही आलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. ती चूक माझी. ते यान काही तुझ्या एकटीचं नव्हतं."

शेजारच्या काकू जिना चढून आल्या. मला जमिनीवर बसून रडताना बघून थबकल्या, आपलं दार हळूच लावून घेतलं.

"मी फिरायला यायला हवं होतं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "फार काही नाही, कोपऱ्यावरच्या पारापर्यंत. दहा मिनिटांत सांगून झालं असतं."

त्यानंतर मग वाळवण, काच, पुढच्या भट्टीत हवा किती सोडायची, यावर आम्ही बोलत राहिलो. तो भरभर बोलत होता, मी मध्येच तोडत होते, तो "ऐक तर" म्हणत होता. लेक पहिलीत होती तेव्हा बोलायचो तसं. किती वर्षं झाली. मी हे सगळं बंद केलं होतं, घरात शांतता हवी म्हणून, आणि शांतता मिळाली होती.

मग तो विषय संपला. दोघंही फोन धरून होतो.

"अजून?" त्याने विचारलं.

परत ये म्हणायचं होतं. पण कशासाठी ये, ते सांगता यायला हवं. इथे त्याची भट्टी नाही, टेबल नाही. तिथे त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, काम नुकतं धरलंय. मी म्हटलं, "तिथे चपला कुठे ठेवतोस?"

"आतच," तो म्हणाला. "एकट्याला कसला उंबरा?"

"बरं मग," मी म्हटलं.

"बरं मग," तो म्हणाला.

आत आले, दार लावलं, ओट्याशी जाऊन पाणी प्यायले. चपला पायातच होत्या. घरात ओरडणारं कोणी नव्हतं.